१६३ सीसीचं फवारणीचं इंजिन पंधरा मिनिटांत बंद पडतंय. दुरुस्त करू की विकू?

लांजेकर

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमची हापूस-काजूची बाग आहे, सगळी उतारावर. मी पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा गावी जातो. रोजचं सगळं भाऊ बघतात. नात्याने कोणी नाहीत, पण वडिलांच्या वेळेपासून बागेत आहेत.

बागेत दोन पेट्रोल इंजिनं आहेत. एक ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक ग्रास कटर, बेणणीसाठी. दुसरं १६३ सीसीचं, एचटीपी पंपाला (जास्त दाबाने औषध फवारणारा पंप) पट्ट्याने जोडलेलं, फवारणीसाठी. दोन्ही हवेवर थंड होणारी, दोरी ओढून सुरू करायची.

ग्रास कटरबद्दल तक्रार नाही. मोठं इंजिन पावसाळ्याचे चार महिने मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पडून होतं. दसऱ्यानंतर पालवीवर तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी काढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं, आवाजही नेहमीचा. पंधरा मिनिटं चाललं आणि एकदम बंद. आचके नाहीत, गुरगुर नाही, कुणी स्विच दाबावा तसं. लगेच दोरी ओढली तर दाद देत नाही. अर्ध्या तासाने पहिल्या ओढीला सुरू! पुन्हा दहा-पंधरा मिनिटं आणि पुन्हा तेच. दिवसभरात जेमतेम वीस कलमं झाली.

नवा प्लग टाकला, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं, एअर फिल्टर धुतला. तेलही पाहिलं, काडीवर वरच्या खुणेपर्यंत आहे. तालुक्याच्या मिस्त्रींनी नुसतं ऐकूनच सांगितलं की प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गेली, मिळायला वेळ लागेल, आणि नऊ वर्षांचं इंजिन आहे तर विकून नवीनच घ्या.

खरंच कॉइल असेल का? आणि अशी इंजिनं घरच्या घरी कितपत सांभाळता येतात? पुढच्या महिन्यात मोहोर येईल, तेव्हा हे इंजिन दगा देऊन चालणार नाही.

काजूबोंड

आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

द्राक्षमळा

निफाडहून लिहितोय. आमच्याकडे आता ट्रॅक्टरवरचे ब्लोअर आहेत, पण आधी अशीच इंजिनं होती. दादा, कॉइलवर पैसे घालण्याआधी टाकीचं झाकण बघा. झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. औषधाचा थर आणि धूळ बसून ती बुजते. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही, टाकीत ओढ बसते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थोड्या वेळाने हवा झिरपते की इंजिन परत सुरू. बंद पडलं की लगेच झाकण सैल करा. फुस्स असा आवाज आला तर चोर सापडला.

जुनाफिटर

मी एकतीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि आता गावी लहान इंजिनांचंच काम करतो. लांजेकर, तुम्ही लक्षण फार छान लिहिलंय. "कुणी स्विच दाबावा तसं" हे वाक्य मिस्त्रींना सांगितलं होतं का? निम्मं निदान त्यातच आहे.

पेट्रोल कमी पडलं की इंजिन तसं मरत नाही. आधी घुटमळतं, रेस वरखाली होते, चोक ओढला तर दोन क्षण जीव धरतं. एका क्षणात बंद म्हणजे बहुतेक ठिणगीच तुटली. झाकणाची वाट जरूर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पण खरी परीक्षा ही: इंजिन बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, प्लग काढा. टोपी लावून प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. पकडीला रबरी मूठ हवी. दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. निळी ठिणगी कडकडली तर कॉइल निर्दोष. ठिणगी नसेल तर पुढे बोलू, तरी लगेच कॉइलला फाशी देऊ नका.

प्लग काढाल तेव्हा टोकाचा रंगही सांगा. चहासारखा तपकिरी असेल तर पोटात सगळं ठीक. काजळी असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय. ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय. गॅप ०.७ ते ०.८ मिमी हवी, नवा प्लग आहे म्हणून ती बरोबरच असेल असं धरू नका.

चेतकप्रेमी

प्लगचा विषय निघाला आणि बजाज चेतक आठवली! बाबांच्या डिकीत प्लग पान्हा आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. सकाळी स्कूटर उजव्या बाजूला कलती करायची, मग किक. दोन किकमध्ये घेतली नाही तर प्लग काढून घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. शाळेला उशीर झाला की "प्लगमध्ये कचरा आला होता" हे कारण बाईंनाही पटायचं, त्यांच्या घरीही चेतकच होती.

रानवारा

@चेतकप्रेमी, चेतकचं इंजिनही हवेवरच थंड व्हायचं, पण त्यात एक गंमत आहे. ते बाजूला झाकणाच्या आत असल्याने समोरचा वारा त्याला लागतच नसे. म्हणून फ्लायव्हीलवर पंखा आणि वर पत्र्याचं आवरण देऊन हवा जबरदस्तीने सिलिंडरच्या कल्ल्यांमधून, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पात्यांमधून, ढकलायची. लूनाचं इंजिन उघड्यावर, त्याला चालतानाचा वारा पुरायचा. लांजेकरांचं इंजिन एका जागी उभं राहून काम करतं, म्हणजे ते चेतकच्या जातीचं. पंखा, आवरण आणि कल्ले यांतून हवा खेळली तरच ते जगणार. दोरीच्या चकतीवरची जाळी कधी साफ केली होती?

जुनाफिटर

रानवारा, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत निम्म्यांच्या आवरणाखाली गवत, धूळ आणि तेल यांचा जाड थर असतो. बाहेरून इंजिन चकाचक पुसलेलं असतं. आवरण काढायला चार-पाच बोल्ट, दहा नंबरचा पान्हा. वर्षातून एकदा काढायलाच हवं. आणि गरम इंजिनावर पाणी मारायचं नाही, तापलेल्या कल्ल्यांना तडे जायची भीती असते. थंड झाल्यावर जुना दातांचा ब्रश आणि फुंकणी पुरते.

हिरवीबॅटरी

माझं मत थोडं वेगळं आहे. नऊ वर्षांच्या इंजिनामागे इतका जीव का टाकायचा? मी गेल्या वर्षी बॅटरीवरचं ग्रास कटर घेतलं. पेट्रोल नाही, तेल नाही, दोरी नाही, कानाला त्रास नाही. बटण दाबलं की सुरू. महिनाभर वापरलं नाही तरी कार्बोरेटर चोंदत नाही, कारण कार्बोरेटरच नाही. फवारणीलाही पाठीवरचे बॅटरी पंप मिळतात. पंधरा दिवसांनी एकदा गावी जाणाऱ्या माणसाला हेच सोयीचं.

देवगडचीबाग

@हिरवीबॅटरी, घराभोवतीच्या अंगणाला आणि भाजीच्या वाफ्यांना बॅटरी उत्तमच, आमच्याकडेही आहे. पण पन्नास वर्षांच्या कलमाच्या शेंड्यापर्यंत औषध पोचवायचं तर पाठीवरचा पंप काय करणार? तिथे एचटीपीचा दाब आणि लांब पाइप लागतो. बेणणीचंही तसंच. दोन एकर उतारावर कमरेएवढं गवत असताना दर पाऊण तासाला बॅटरी बदलायला वीज कुठून आणायची?

आमच्याकडचे गडी विचारतात, "इंजिन तापला काय बंद पडता आणि थंड झाला काय सुरू जाता, ह्या काय ता माका सांगा!" लांजेकरांच्या धाग्यामुळे आता मलाही त्यांना उत्तर देता येईल अशी आशा आहे.

घाटमाथा

विषय थोडा वळवतो, माफ करा. माझं ग्रास कटर टू-स्ट्रोक आहे. दुकानदार म्हणाला लिटरला ४० मिली ऑइल घाल, पुस्तकात ५०:१ लिहिलंय, म्हणजे लिटरला २०. कोणाचं ऐकू?

जुनाफिटर

पुस्तकाचं. मात्र त्यात कुठल्या प्रतीचं टू-टी ऑइल सांगितलंय तेही वाचा. ५०:१ हे प्रमाण चांगल्या प्रतीच्या ऑइलसाठी असतं. साधं ऑइल असेल तर बऱ्याच कंपन्या २५:१ सांगतात, म्हणजे ४० मिली. जास्त घातलं तर इंजिन लगेच मरत नाही, धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचून दम कोंडतो. कमी घातलं तर मात्र एका दुपारीत संपतं. टाकीत अंदाजाने ओतू नका. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग मोजून ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल.

कातळसडा

एका दुपारीत संपतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक अशी दोन्ही कटर होती आणि पेट्रोलचे कॅन एकसारखे पांढरे. मदतीला आलेल्या पोराने फोर-स्ट्रोकच्या कॅनमधलं साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये भरलं. पाऊण तास झकास चाललं, उलट नेहमीपेक्षा जोरात, असं तो म्हणाला. मग रेस आपोआप उतरली, करकर असा आवाज आला आणि थांबलं. दोरी हातभरही येईना.

मिस्त्रींनी सिलिंडर काढून दाखवला. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला उभे ओरखडे, मांजराने लाकडावर नखं ओढावीत तसे. रिंग खाचेतच चिकटून बसलेली. सिलिंडरच्या आत पिस्टनचं ॲल्युमिनियम चोपडल्यासारखं लागलं होतं. पोराचा दोष नव्हता, आम्ही कॅनवर काही लिहिलंच नव्हतं. आता टू-स्ट्रोकच्या कॅनला लाल रंग आणि गळ्यात ऑइल मोजायचा कप बांधलेला असतो.

काजूबोंड

लाल रंगाची युक्ती उद्याच करतो. आमचेही दोन्ही कॅन सारखेच आहेत.

ओहायोवासी

मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत. इथे जवळपास घरटी असंच एक इंजिन असतं, गवत कापायच्या यंत्रावर. हिवाळ्यात पाच महिने बंद. वसंतात पहिलं ऊन पडलं की गल्लीभर दोऱ्या ओढण्याचे आवाज, आणि निम्मी यंत्रं सुरू होत नाहीत. कारण एकच, शिळं पेट्रोल. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते, आणि ते भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक.

मी मोसम संपला की टाकी रिकामी करतो आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपण होऊन बंद पडेपर्यंत चालवतो. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, दोरी दोनदा हळू ओढून ते आत पसरवायचं, प्लग परत. शेवटी दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच सोडायची. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही. कोकणातल्या पावसाळ्याला हे आमच्या बर्फापेक्षाही जास्त लागू पडेल.

आणखी एक, पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवा. पातं हाताने फिरवलं तरी गरम इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं.

हिरवीबॅटरी

आणि आपल्याकडे तर आता ई-२०! २०२३पासून पंपांवर यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम कडक होणारच. म्हणूनच म्हणतो, बॅटरी.

रानवारा

मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. नळी आणि डायफ्रॅम या स्वस्तात बदलायच्या वस्तू आहेत, त्यासाठी इंजिन विकायची गरज नाही. सवय मात्र बदलायला हवी. पूर्वी लोक वीस लिटर पेट्रोल भरून मोसमभर ठेवायचे, तसं आता करू नये. तीन-चार आठवड्यांत संपेल तेवढंच आणायचं, कॅनचं तोंड घट्ट, सावलीत. आणि रोज संध्याकाळी इंजिन स्विचने बंद न करता पेट्रोलचा कॉक बंद करून जिरू द्यायचं. माझं इंजिन तीन मोसम असंच चाललंय, जेटला हात लावावा लागला नाही.

कातळसडा

जेट चोंदलाच तर सुईने टोचू नका. भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम पेट्रोल जास्त पितं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या.

विहीरकाठ

सगळे अनुभवी लोक लिहिताहेत म्हणून एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. कृपया कोणी वरवर वाचू नका.

आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पेट्रोल-रॉकेलचा पंप दोराने विहिरीत उतरवून मधल्या टप्प्यावर ठेवायची पद्धत होती. वरून पाणी ओढलं जात नाही म्हणून. माझे काका पंप सुरू करून खाली उतरले, चोक सारखा करायला. दहा मिनिटांनी हाक मारली तर उत्तर नाही. वर असलेल्या माझ्या चुलतभावाने उडी मारली नाही, हे नशीब. त्याने आरडाओरडा करून माणसं जमवली. पंप गेल्या उन्हाळ्यातल्या शिळ्या पेट्रोलवर होता आणि तेवढ्यात आपोआप बंद पडला होता. काकांनी आधीच कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून ओढून काढता आलं. दोन दिवस रुग्णालयात होते. वाचले.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो गुदमरवतही नाही. डोकं दुखतं, पाय लुळे पडतात आणि माणूस बसल्या जागी झोपतो. विहीर, बंद मांगर, दार लावलेली खोली, लग्नाच्या मांडवामागचा बंद बोळ, कुठेही असं इंजिन किंवा जनरेटर चालवू नका. आणि कोणी खाली पडलेलं दिसलं तर त्याच्यामागे उतरू नका.

देवगडचीबाग

@विहीरकाठ, काका वाचले हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे वीज गेली की जनरेटर ओटीच्या दाराशी लावायचे, आत धूर यायचा. आजच अंगणाच्या टोकाला, गडग्यापलीकडे हलवायला सांगते.

लांजेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो, सगळं क्रमाने केलं.

द्राक्षमळा दादा, झाकण सैल करून चालवलं. फुस्स आवाज नाही, आणि इंजिन अठरा मिनिटांनी तसंच बंद. म्हणजे झाकण नाही.

जुनाफिटर काका, बंद पडल्याबरोबर प्लग काढला. भाऊंनी दोरी ओढली. ठिणगी नाही, एकदाही नाही. प्लगचं टोक पांढरट होतं. अर्ध्या तासाने तोच प्लग तसाच टेकवला तर निळी, खणखणीत ठिणगी!

मग रानवारांनी सांगितल्याप्रमाणे आवरण काढलं. आत उंदराचं घरटं. काथ्या, सुकं गवत, खताच्या पिशवीचे कातरलेले तुकडे, आणि सगळं सिलिंडरच्या कल्ल्यांमध्ये अगदी ठासून बसवलेलं. कॉइलच्या वायरलाही दात लागले होते, पण तांबं उघडं पडलं नव्हतं. तिथे चिकटपट्टी गुंडाळली, भाऊंनी ब्रशने एकेक कल्ला साफ केला. सगळं परत लावलं आणि वाटलं, सुटलो.

पंचवीस मिनिटं चाललं. आणि पुन्हा बंद. पुन्हा ठिणगी नाही. आता कॉइल मागवू का?

जुनाफिटर

थांबा. पांढरा प्लग घरट्यामुळे, तो प्रश्न सुटला. ते तसंच राहिलं असतं तर या मोसमात पिस्टन गेला असता. पण ठिणगी तोडणारं अजून काही आहे.

दोन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. फवारताना इंजिन कुठे ठेवता, सपाटीवर की उतारावर? आणि तेल बघताना काडी आटे फिरवून आत घट्ट करता की नुसती टेकवता?

लांजेकर

उतारावरच. बागेत सपाट जागा घरापुढचं खळं तेवढंच. आणि काडी पूर्ण घट्ट करून मग काढून बघतो, तशीच बघायची ना?

जुनाफिटर

सापडलं असं वाटतंय.

या जातीच्या बहुतेक इंजिनांत काडी न फिरवता नुसती तोंडात टेकवून तेल बघायचं असतं. आटे फिरवले की काडी तेवढी जास्त खोल जाते आणि कमी असलेलं तेलही पुरेसं दिसतं. त्यात इंजिन उतारावर आणि तेलाचं तोंड खालच्या अंगाला असेल, तर तेल त्याच बाजूला गोळा होतं, काडी आणखी फसवते. खरी पातळी म्हणजे इंजिन सपाटीवर ठेवून तेल भरायच्या तोंडाच्या काठाशी यायला हवं. या आकाराच्या इंजिनात एकूण तेलच जेमतेम ६०० मिली. त्यातलं पाव गेलं तरी फरक मोठा.

आता ठिणगी. अशा अनेक इंजिनांत तळाला तेलाचा सेन्सर असतो. तेल कमी झालं की तो ठिणगीच तोडतो, कोरडं चालून इंजिन जळू नये म्हणून. थंड असताना सगळं तेल तळाला असतं, सेन्सर खूश. चालू झालं की तेल उडून वर, भिंतींवर, व्हॉल्व्हकडे जातं. तळाची पातळी उतरते आणि सेन्सर स्विच दाबावा तसं बंद करतो. अर्ध्या तासात तेल निथळून खाली येतं, पहिल्या ओढीला सुरू. तुमचं लक्षण याला तंतोतंत जुळतं. गरम कॉइलही असंच वागते, म्हणून मिस्त्रींचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त तेल बघणं फुकट आहे आणि कॉइल विकत, तर आधी फुकटचं करावं.

घाटमाथा

आमच्याकडचे मिस्त्री त्या सेन्सरची वायर सरळ तोडूनच टाकतात. कटकट कायमची मिटते.

जुनाफिटर

कृपया असं करू नका. तपासण्यासाठी वायर पाच मिनिटं काढून बघणं ठीक, तेही तेल पूर्ण असताना. कायमची तोडली तर पुढच्या वेळी तेल संपल्यावर इंजिन बंद पडणार नाही, कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर येईल. अशी दोन इंजिनं माझ्या टेबलावर आली आहेत. दोन्हींच्या क्रँककेसला मुठीएवढं भगदाड. वायर जोडलेली असती तर शंभर-दोनशे रुपयांच्या तेलात काम झालं असतं.

कातळसडा

काकांशी पूर्ण सहमत. सेन्सर कटकट करत नाही, तो आपलं इंजिन वाचवतोय.

द्राक्षमळा

तेल बदलायचं वेळापत्रक पण सांगून टाका काका, सगळ्यांनाच उपयोगी.

जुनाफिटर

नव्या इंजिनाचं पहिलं तेल वीस तासांनी, मग दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. लहान ३५ सीसीवाल्यात तेल फक्त १०० मिलीच्या आसपास, तिथे पहिलं दहा तासांनी, पुढे पन्नासने. तेल १०डब्ल्यू-३०, फोर-स्ट्रोकचं. इंजिन कोमट असताना काढलं की गाळासकट येतं. एचटीपी पंपाचं तेल वेगळं असतं, ते विसरू नका. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत वाळवून, थोड्या इंजिन ऑइलमध्ये भिजवून घट्ट पिळायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा, नाहीतर बदलायचा. व्हॉल्व्हची गॅप दोन-तीन वर्षांतून एकदा थंड इंजिनावर बघावी, हवा आत घेणाऱ्याची ०.१५ आणि धूर बाहेर सोडणाऱ्याची ०.२० मिमी, पण ते हात बसलेल्या माणसाकडून.

लांजेकर

काका, तुम्ही प्रत्यक्ष न बघता सांगितलंत आणि अगदी तसंच निघालं.

या वेळी दोन दिवसांची रजा टाकून गेलो. इंजिन खळ्यात आणलं, पाणसळ ठेवून सपाट केलं. काडी न फिरवता नुसती टेकवली. टोकालासुद्धा तेल लागलं नाही. तीच काडी आटे फिरवून घट्ट केली, तर खुणेपर्यंत तेल! भाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. नऊ वर्षं आम्ही अशीच बघत आलो होतो.

जुनं तेल काढलं. काळं, पातळ, मोजलं तर ३५० मिली. आवरण नुकतंच साफ केलेलं होतंच. नवं तेल काठापर्यंत भरलं, आधी खळ्यात अर्धा तास चालवलं, मग बागेत नेलं. उतारावर इंजिनाखाली दगड आणि फणसाची फळी लावून पाणसळीने सारखं केलं. सकाळी आठला सुरू केलं ते पेट्रोल भरण्यापुरतंच थांबवत दुपारी एकपर्यंत. एकदाही स्वतःहून बंद पडलं नाही. त्रेसष्ट कलमं झाली.

दुसऱ्या दिवशी प्लग काढून बघितला. चहासारखा तपकिरी.

@हिरवीबॅटरी, अंगणातल्या गवतासाठी आईला वापरता येईल असं बॅटरीचं लहान कटर घ्यायचं ठरवलंय, कुठलं घ्यावं ते तुम्हाला वेगळं विचारतो. हे इंजिन मात्र राहणार.

मांगरात आता ते भिंतीला लोखंडी फळी ठोकून जमिनीपासून वर ठेवलंय, उंदरांसाठी. भाऊंनी आवरणावर खडूने तारीख लिहिलीय, तेल बदलल्याची.

देवगडचीबाग

वा! आमच्या गड्यांना वाचून दाखवलं. ते लगेच उठून काडी बघायला गेले. न फिरवता.

काजूबोंड

आमचंही तेच निघालं, काठापर्यंत भरायला २०० मिली लागलं. जुनाफिटर काका, एक विचारायचं राहिलं. उतारावर खाली फळी लावली तरी चालताना इंजिन थरथरून सरकतं. तुम्ही काय करता?

जुनाफिटर

फळीला खाली दोन आडव्या पट्ट्या ठोका आणि वर सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा पसरा. इंजिनाची चौकट दोराने फळीलाच बांधा, झाडाला नको. पंपाचा पाइप ओढला जातो त्या बाजूला एक मोठा दगड ठेवा.